निळ्या रंगाखालचा मरून

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हेही सांगता येत नाही. विसरता आलं नाही ते एक साधं अपघाताचं प्रकरण. ते उघडकीला आलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली, दोषारोपपत्र कोर्टात गेलं. तरी ते आठवलं की मला आजही थकल्यासारखं होतं.

तेव्हा मी दक्षिण नागपुरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. थंडीचे दिवस होते. हुडकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजाडता उजाडता एका सायकलस्वाराला चारचाकीने उडवलं. माणूस बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामाला होता, पहिल्या पाळीची बस गाठायला निघाला होता. गाडी थांबली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

पंचनाम्यात फुटलेल्या काचेचे तुकडे आले आणि सायकलच्या मडगार्डला चिकटलेला नखाएवढा रंगाचा पापुद्रा. रंग मरून. समोरच्या टपरीवरची चहावाली म्हणाली, "पिकल्या बोरासारखी होती जी गाडी. लंबर नाही पाह्यला मी, त्या मानसाकडं धावली." अज्ञात चालकावर गुन्हा दाखल केला आणि आम्ही त्या रंगाच्या मागे लागलो. आरटीओतून मरून गाड्यांची यादी आणली, सापडल्या तेवढ्या गाड्या तपासल्या, विकून हातोहात गेलेल्या राहून गेल्या, गॅरेज पालथी घातली, भिंतींवर पत्रकं चिकटवली. गाडी जणू जमिनीत गडप झाली होती.

मयताची बायको दर मंगळवारी ठाण्यात यायची. दारापासून चार हात लांब उभी राहायची आणि एकच विचारायची, "सापडली का जी गाडी?" तपास चालू आहे, असं आम्ही सांगायचो. पोलिसांच्या तोंडी हे वाक्य कधी येतं ते लोकांना बरोबर कळतं. एकदा ती म्हणाली, "मले दुसरं काही नको साहेब. आपून कोनाले मारलं, ते त्याले मालूम पडलं पाह्यजे. तो मजेत फिरून राहिला असन तर मले झोप नाही येत." त्यानंतर मंगळवार आला की मीच काहीतरी काम काढून बाहेर जायला लागलो.

मे महिन्यात, ऊन नुसतं भाजून काढत असताना, एक शिंपी ठाण्यात आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, गळ्यात टेप तशीच. हुडकेश्वरला त्याचं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं दुकान होतं. ठाणे अंमलदाराला म्हणाला, "माही गाडी निळी आहे, पन आतून मरून आहे. तुमचा कागद माह्या दुकानाच्या भिंतीवरच लागून आहे."

झालं होतं ते असं. त्याची आई गुडघ्यांनी अधू झाली होती, ऑटोत चढता येईना. रामटेकजवळ तिचं माहेर. एकदा तरी आपल्या गाडीतून माहेरी जायचं, असा म्हातारीचा हट्ट होता. म्हणून त्याने जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडून ही गाडी घेतली. त्याने पाहिली तेव्हा तिला नुसता करडा प्रायमर मारलेला होता. दलाल म्हणाला, "रंग कोनता पाह्यजे ते सांगा. तुमच्या पसंतीचा मारून देतो." शिंप्याने आईला विचारलं. म्हातारी म्हणाली, "इचारतं काय गा? निळाच." बौद्ध घर. नागपुरात निळाच का, हे कोणाला विचारावं लागत नाही. आता शिंपी तो शिंपीच. दोऱ्याची रीळ घ्यायलाही कापडाची कतरण घेऊन जाणारा. त्याने आईच्या जुन्या निळ्या लुगड्याची कतरण कापली आणि पेंटरला दिली, अगदी हाच रंग पाहिजे म्हणून.

म्हातारीच्या तब्येतीमुळे माहेरची फेरी लांबत गेली. उन्हाने दाराचं रबर सुटलं तेव्हा त्याला खालचा मरून दिसला. कापड उलटं करून पाहायची सवय, त्याने डिकीतलं कार्पेटही उचललं. तिथेही मरून. दोन दिवस त्याने कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं. ती म्हणाली, "सांगून ये. कोनाच्या तरी रक्तावर बसून मी माहेरी नाही जाणार."

हे सगळं त्याने मला पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला नाही. आमच्या खात्याची एक जुनी खोड आहे. जो खबर घेऊन येतो, त्यालाच आधी धरायचं. कागदही माझ्या बाजूने होते. गाडी अजून त्याच्या नावावर झाली नव्हती, त्यामुळे ती कधी घेतली याचा पुरावा नव्हता, आरसी बुकात रंग मरूनच होता, आणि रंग बदलल्याची नोंद कुठेही नव्हती. मला वाटलं, गाडी आधीपासूनच याच्याकडे आहे, यानेच माणूस उडवला, यानेच रंग बदलला आणि आता भीतीने सोंग करतो आहे.

सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. मधूनमधून आत बोलवायचं, उभं करायचं, तेच तेच विचारायचं.

"गाडी तूच चालवत होतास ना?"

"मले गाडी चालवताच नाही येत साहेब. भाचा चालवते."

"मग भाच्याला उचलू?"

तेव्हा त्याने गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरली. शिवणकामाने टोकं टणक झालेली बोटं होती, मला स्पष्ट दिसली. पण आवाज चढला नाही. म्हणाला, "मी काहून येईन साहेब स्वतःहून? पेंटरकडं जा. माही कतरण असन त्याच्यापाशी. तिले पाहून घ्या."

पाचच्या सुमाराला मी हवालदाराला पेंटरकडे पाठवलं, ते खरं सांगायचं तर शिंप्याचं तोंड बंद करायला. हवालदार पेंटरला वहीसकट घेऊन आला. कळकट वही, प्रत्येक पानावर गाडीचा नंबर, तारीख आणि रंगाचा नमुना. एका पानावर निळी कतरण टाचलेली होती. तारीख अपघातानंतर अकरा दिवसांची. खाली लिहिलं होतं: मरूनवर निळा, बोनेट ठोकून सरळ केलं.

मी पेंटरला विचारलं, "गाडी कोणी आणली होती?"

"पहिला मालिक आला होता न साहेब, दलालासंगं. तो म्हने, कोनताही रंग मार, गिऱ्हाइकाले इचार आन मार. फक्त हा नको."

मी ते वाक्य दोनदा वदवून घेतलं. जुनी गाडी विकणारा रंगाची एवढी काळजी कशाला करेल? म्हातारीला निळा निवडायला मिळाला, कारण दुसऱ्या कोणाला तरी मरून नको होता.

पहिला मालक चांगल्या वस्तीतला, स्वतःचं ऑफिस असलेला गृहस्थ होता. दुसऱ्या दिवशी वकिलासह आला. हवालदाराने त्याच्यासाठी खुर्ची ओढली, चहा सांगितला. मीही "या, बसा" म्हणालो. वही समोर ठेवल्यावर त्याने फार ताणलं नाही. "थांबलो असतो तर लोकांनी मला मारलं असतं," एवढंच म्हणाला. अटक झाली. रबराखालचा रंग आणि आमच्याकडचा पापुद्रा प्रयोगशाळेत जुळले. दलालावरही कारवाई झाली.

मंगळवारी ती बाई आली तेव्हा मी जागेवर होतो. तिला आवारात नेऊन गाडी दाखवली. ती म्हणाली, "ही तं निळी हाय." मी रबर उचलून खालचा मरून दाखवला. तिने त्यावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं. मग पदराने बोट पुसलं आणि निघून गेली. त्यानंतर ती मंगळवारी आली नाही.

गाडी मुद्देमाल म्हणून जप्त होऊन आमच्या आवारात, निंबाखाली उभी राहिली. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत हमीपत्रावर, सोडवायची म्हटलं तर कागदोपत्री मालक आरोपीच. शिंपी तारखांना खेटे घालत राहिला. मी अर्जावर शेरे मारत राहिलो. टायर बसले, टपावर निंबोळ्यांचा चिकट थर साचला, गाडीखाली कुत्री व्याली. सव्वा वर्षाने कोर्टाचा आदेश आला तोवर म्हातारी वारली होती. माहेरी जायचं राहूनच गेलं. शिंप्याने ताबा पावतीवर सही केली, गाडी टोचन करून नेली आणि मला नमस्कार केला. मला त्याच्याकडे पाहवलं नाही.

निवृत्तीनंतर एक दिवस पँट बारीक करायचं निमित्त काढून मी त्याच्या दुकानात गेलो. इतक्या वर्षांत कितीतरी लोकांना मी बाकावर बसवलं होतं, पण माफी मागायला कधी गेलो नव्हतो. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. त्याने मला ओळखलं. मशीन थांबवलं. दुकानात बसायला एकच स्टूल होतं, त्यावर तो स्वतः बसला होता. तो उठला, स्टुलावरचे दोरे झटकले आणि माझ्यापुढे सरकवलं.

"बसा साहेब. उन्हातून आले."

जुळवून ठेवलेलं सगळं विसरलो. कसंबसं म्हणालो, "त्या दिवशी मी तुम्हाला खुर्ची दिली नाही."

"जाऊ द्या न साहेब," तो म्हणाला आणि उभ्यानेच माझं माप घ्यायला लागला.

नव्या पोरांना प्रशिक्षणात बोलायला मला कधीमधी बोलावतात. जुन्या गाडीचा मूळ रंग दाराच्या रबराखाली पाहावा, हे मी सांगतो, ते सगळे लिहून घेतात. मग सांगतो, ठाण्यात कोणी आपल्या पायाने काही सांगायला आला, तर आधी त्याला बसायला द्या. हे कोणी लिहून घेत नाही.