ऐसपैस मावशीची दोन बोटं

शिलाई कारखान्यात तिला सगळे ऐसपैस मावशी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिने शिवलेला कुठलाही कपडा दोन बोटं सैल असे. तिचं मत असं, की माणूस आज ना उद्या वाढतोच. उंचीने नाही तर पोटाने. एकुलता मुलगा तिशीला आला तरी त्याचे शर्ट वाढत्या अंगाचेच. लहानपणी तो शाळेला निघाला की आधी शर्ट दिसायचा, मग कधीतरी मुलगा.

कारखान्यात अलीकडे थंडीचे सूट शिवले जात. गाव असं, की कुणी स्वेटर घातला तर लोक ताप बघायला कपाळाला हात लावतील. पण जगाच्या टोकावरचं बर्फ हटत चाललं होतं, समुद्र मोकळा होत होता, जमिनीतले धातू हाताशी येत होते. आणि ज्यांनी बर्फ फक्त सरबतात पाहिलं होतं तेही देश, बसमध्ये रुमाल टाकावा तशी तिथे जागा धरत होते. मावशीच्या देशातल्या एका कंपनीने तिकडे बंदराचा धक्का बांधायला घेतला. माणसं इथून जात, सूटही इथूनच.

तयार सूट लांब दांडीवर टांगलेले असत. पंखा फिरला की सगळे एकदम हलत, आणि बिनडोक्याची माणसं रांगेत उभी आहेत असं वाटे. तशी ती पुष्कळ कचेऱ्यांत असतात, पण ती निदान हलत नाहीत.

मुलगा तिकडे कामाला निघाला तेव्हा त्याचा सूट अर्थातच मावशीने शिवला. मान खाजू नये म्हणून कॉलरला आतून जुन्या निळ्या चादरीचा तुकडा लावला. आणि कारखान्यात मापं तपासणाऱ्या मास्तरांची नजर चुकवून दोन बोटं सैल ठेवला.

तो गेल्यावर कंपनीने तिकडे राहून आलेला एक जाणकार शिकवायला पाठवला. हळू आवाजात बोलणारा माणूस. म्हणाला, "सूट अंगाला धरून हवा. मध्ये जागा राहिली की तिथे थंडी राहायला येते. आत दुसरं कुणी शिरल्यासारखी. आणि एकदा आली की जात नाही."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मावशीच्या बोटात सुई गेली.

त्या दिवसापासून तो दुसरा कुणी तिच्या मागे लागला. भाजी चिरताना वाटे, आत्ता तो पोराच्या पाठीला पाठ लावून बसला असेल. त्याला राहायला जागा दिली कुणी? तिने. फोनवर ती विचारी, बसतो ना रे सूट? तो म्हणे, झकास. गार नाही ना लागत? त्यावर तो हसे, की इथे गार नसतं तर तुला सूट शिवायला कुणी सांगितलं असतं? दोन बोटांची गोष्ट मात्र तिच्या ओठांवर येऊन परत जाई.

मग फोनच बंद झाले. तिकडची गोठलेली जमीन मऊ पडून फोनचा मनोरा कलला, माणसं सुखरूप आहेत, असं कंपनीने कळवलं. मास्तर तिला ऐसपैस म्हणायचं थांबले. नुसतं 'मावशी' म्हणू लागले. त्याने तिची जास्तच पाचावर धारण बसली.

अशात जहाजातून दुरुस्तीचे सूट आले. गठ्ठा सोडताना तिच्या हाताला निळी कॉलर लागली.

तिने सूट उलटा केला. छातीला, कमरेला तो आत घेतलेला होता. मासे धरायच्या दोऱ्याने घातलेली जाडीभरडी हातटीप. दप्तर फाटलं तेव्हा तिनेच पोराला शिकवली होती, कान धरून. मावशी स्टुलावर बसली आणि हसली. गाढवाने अखेर टीप सरळ घातली! त्या दुसऱ्याला बाहेर काढून दार लावून घेतलं!

मग सवयीने तिने आत घेतलेल्या घडीवर बोटं ठेवली. दोन बोटं बसली. तिसरं बसलं. चौथंही बसलं.

दोन तिची होती. उरलेली दोन त्याच्या अंगातून गेली होती.

चार दिवसांनी मास्तर स्वतःचा फोन घेऊन धावत आले. तिकडून मुलगा बोलत होता. आवाज लांबचा, पण त्याचाच.

"जुना सूट आलाय इथे," मावशी म्हणाली.

"नवीन मिळालाय, आई."

"जुना बसायचा का?"

"अगदी अंगाबरोबर."

चार बोटांची घडी तिच्या मुठीत होती. "जेवतोस ना?"

"पोट सुटलंय माझं."

"परत कधी येतोस?"

"यंदा बर्फ उशिरा धरणार म्हणतात. तोवर काम चालणार."

फोन तुटला. नियमाप्रमाणे टीप उसवून सूट मूळ मापाचा करायचा होता, पुढच्या माणसासाठी. मास्तरांनी टीप पाहिली, चष्मा पुसला आणि आपल्या जागेवर गेले.

मावशीने सूट तसाच दांडीवर टांगला. बाहेर दुपार रणरणत होती. पंख्याच्या वाऱ्याने रांग हलली. त्याचा सूटही हलला, आणि हाक ऐकल्यासारखा जरासा वळला.

मावशीने जाऊन पंखा बंद केला.

सगळ्यांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या. पंखा लावायला कुणी उठलं नाही. मास्तरांनी मान पुसली आणि मशीन सुरू केलं.