कानबाईची मानता

कापड विणताना लूमवरचा धोटा उडून आप्पांच्या डाव्या डोळ्यावर बसला आणि थोड्याच दिवसांत श्रावण लागला. नव्वदीची ती पहिली वर्षं. सुरतेत, नवागामला भाड्याच्या खोलीत आम्ही राहायचो. पट्टी सुटल्यावरच काय ते कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका डोळ्याच्या माणसाला लूमवर कोण उभं करणार? आप्पा दिवसभर खाटेवर पडून असत.

आणि अशात मायनं कानबाई बसवायचं काढलं. आम्हा खानदेशी लोकांत श्रावणातल्या एका रविवारी ही देवी घरी येते. नारळाला नथ, डोळे, लुगडं लावून पाटावर बसवायची, पुरणाचे रोट करायचे, सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर न्यायची. मी म्हटलं, "घरात काय चाललंय आणि तुला सण सुचतोय?" तिनं लक्षच दिलं नाही, गहू निवडत बसली.

समोरच्या खोलीतल्या गुजराती काकी मदतीला आल्या. त्यांनी विचारलं, "भाभी, मानता राखी छे?" गुजरातीत मानता म्हणजे नवस. मायला तेवढी गुजराती कुठली यायला! तिला वाटलं, देवीला मानता का म्हणून विचारतायत. ती ठसक्यात म्हणाली, "हो, मानतो ना! आजेसासूपासून मानतो."

झालं! संध्याकाळपर्यंत चाळभर बोभाटा, की हिनं डोळ्यासाठी नवस केलाय. एकजण येऊन सांगून गेली, चांदीचे डोळे वाहीन म्हण. दुसरी म्हणाली, अनवाणी चाल. माय आधी गोंधळली, मग पदरात तोंड घालून हसली. मला मात्र ते पटलं. मी तिच्या मागेच लागले. "अगं, आयतीच बोलवा झालीय तर माग की! तुझं काय जातंय? आप्पांचा डोळा आहे तो!"

"पाव्हनी शे ती," माय म्हणाली. "पाव्हनीपाशी कोनी मांगस का?"

असा संताप आला मला! दात-ओठ खात मी पुरण वाटलं. रविवारी बायका जमल्या, गाणी झाली. मायनं हात जोडले तेव्हा मी तिच्या ओठांकडेच बघत होते. ओठ हललेच नाहीत. नुसती बघत राहिली देवीकडे, लांबून आलेल्या बहिणीकडे बघावं तसं.

त्याच आठवड्यात पट्टी सुटली. डोळा गेला होता.

घरी आल्यावर माय ओक्साबोक्शी रडली. लूमला शिव्या घातल्या, मालकाला घातल्या, सुरतेला यायचं सुचवणाऱ्या माझ्या मामालाही सोडलं नाही. ज्याचं नाव आठवेल त्याचा उद्धार केला. एवढ्या सगळ्यात कानबाईचं नाव नाही! माझा जीव नुसता जळत होता. मी ओरडले, "तिलाही बोल ना! एवढे रोट खाऊन गेली, तिनं काय केलं?"

मायनं रडणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिला माझं बोलणं खरंच कळलं नव्हतं.

"तिले काय बोलू?" ती म्हणाली. "तिले मी काय काम सांगेल व्हतं का?"

आणि डोळे पुसून पुन्हा मालकाला शिव्या घालायला लागली.