द्वारकाताईंच्या माहेरची माती

नाव द्वारका, राहणार दिल्लीतलं द्वारका, सेक्टर सहा. या योगायोगावर हसण्याचा पहिला मान ताई स्वतःकडेच ठेवतात. आपली थट्टा दुसऱ्याने करण्याआधी आपणच उरकून घ्यावी, हा त्यांचा फौजी छावण्यांत शिकलेला धडा. नवरा हिंमतराव सुभेदार होते. जोधपूर, पठाणकोट, तेजपूर असा संसार त्यांच्यामागून ट्रंकेत फिरला.

थट्टेतून वगळलेली गोष्ट एकच, बाल्कनीतली तुळस. ती लग्नात माहेरच्या गावाहून, करंजवडीहून, मातीच्या कुंडीसकट आलेली. दर बदलीला सामान ट्रकात आणि कुंडी ताईंच्या मांडीवर. "आई गेली, भावांनी घर विकलं. माझं माहेर आता एवढंच उरलंय," हे त्या आल्यागेल्याला आणि आम्हा शेजाऱ्यांना सांगतात. लिफ्टमध्ये सुरू केलेली ही कथा पाचव्या मजल्यावर दार उघडताना बरोबर संपते, इतकी घोटलेली.

मुलगी रिंकू मंडी हाऊसकडच्या एका कलादालनात नोकरीला. तिथे माती, भांडी आणि आजची कला यांवर जाहीर गप्पांचा कार्यक्रम ठरला. येणाऱ्याने आपल्या गावची मूठभर माती आणायची. कुंभारकाम करणाऱ्या कलाकारबाई तिची टाइल भाजून, वर गावाचं नाव उमटवून भिंतीवर लावणार. करंजवडी दिल्लीच्या भिंतीवर चढणार म्हटल्यावर ताईंनी ठेवणीतलं इरकल बाहेर काढलं. हिंमतराव मात्र आठवडाभर गप्प गप्प होते.

"तब्येत ठीक आहे ना?"

"बिल्कुल," ते म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा.

कार्यक्रमात मंचावरचे लोक स्मृती, पृथ्वी, समकालीनता असलं काय काय बोलत होते. ताईंच्या त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं; उरलेल्या निम्म्याला त्यांनी मान डोलावून "अच्छा, अच्छा" म्हटलं. मग माइक त्यांच्याकडे आला. माइक हातात आल्यावर तो सोडणारी बाई अजून जन्माला यायची आहे. ताईंनी तुळशीच्या कुंडीतून डबीत भरून आणलेली माती चिमूटभर नाकाशी नेली, डोळे मिटले.

"इसमें मेरे मायके की खुशबू है. सौ मिट्टियों में पहचान लूँगी. दुकान की मिट्टी में वो बात कहाँ."

टाळ्या पडल्या. हिंमतरावांनी डोकं खाली घातलं. ताईंना वाटलं, गहिवरले असतील.

मग कलाकारबाईंनी प्रत्येकाची माती पाण्याच्या बरणीत टाकून दाखवायला घेतली. अलवरची रेती सरळ तळाला बसली. मेरठच्या मातीने पाणी गढूळ केलं आणि सावकाश खाली गेली. करंजवडी टाकली, ती सगळीच्या सगळी वर आली. तपकिरी भुसा आणि पांढरे हलके मणी, मजेत तरंगायला लागले.

"जी, यह नारियल का भूसा है, नर्सरीवाला," कलाकारबाई हळूच म्हणाल्या. "इसकी टाइल नहीं बनेगी. जल जाएगा."

पितळ उघडं पडलं, तेही मातीच्या कार्यक्रमात. पण माइक अजून ताईंच्याच हातात होता.

"क्या करें," त्या म्हणाल्या, "हमारा गाँव ज़रा हल्का है."

सभागृह हसलं, ताईही हसल्या. खाली बसल्यावर मात्र त्या पर्सचं बटण उघडत राहिल्या आणि लावत राहिल्या. करंजवडी भिंतीवर नव्हती, आणि आता बाल्कनीतही नव्हती.

मेट्रोत राजीव चौक गेल्यावर हिंमतरावांनी तोंड उघडलं. "काही वर्षांपूर्वी तू बहिणीकडे पुण्याला गेली होतीस तेव्हा माकडांनी कुंडी ढकलून फोडली. माती खाली कुणाच्या तरी गाडीवर सांडली."

गाडी कुणाची ते सांगायला नको. धुवावी आम्हाला, खालच्या शेजाऱ्यांना, लागली.

"तुळस वाचवली आणि तशीच दिसणारी कुंडी आणली," ते म्हणाले.

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू नवराही बदलून आणला असतास."

"म्हणजे इतकी वर्षं मी नारळाच्या भुशाला नमस्कार करत होते."

"तुळशीला करत होतीस."

"आणि भर सभेत वास घेतला त्याचं काय? जुनी कुंडी कुठं टाकलीत?"

"टाकवली नाही गं सगळी. एक खापर ठेवलंय. नव्या कुंडीच्या तळाला, भोकावर."

घरी पोचताच ताईंनी इरकलाचा पदर खोचला आणि तुळस अलगद उपसली. तळाशी तळहाताएवढं लाल खापर निघालं, कडेला करंजवडीच्या कुंभाराची बोटं उमटलेली. रिंकूला फोन गेला. तिने कलाकारबाईंना विचारून कळवलं: खापर कुटून दुसऱ्या मातीत मिसळता येतं, टाइल होईल, आण.

ताईंनी खापर सवयीने नाकाशी नेलं आणि अर्ध्यावरच हात थांबवला. मग स्वयंपाकघरातून पाण्याचं पातेलं आणून त्यात ते सोडलं. टक्कन तळाला बसलं.

हिंमतरावांनी हळूच विचारलं, "आता माइक दिला तर काय सांगशील?"

"काही नाही," ताई पातेल्यात बघत म्हणाल्या. "म्हणेन, आधी पाण्यात टाका, मग मला विचारा."