अर्बाबचा फोन, माझं नाव

ओमानच्या सोहारमधलं नळ-पाइपांचं दुकान माझं आहे, पण हे कुठेही लिहिलेलं नाही. परवाना अर्बाबच्या, म्हणजे माझ्या ओमानी मालकाच्या, नावावर आहे. माझ्या रेसिडेंट कार्डावर व्यवसाय म्हणून ‘कामगार’ लिहिलंय. मी रत्नागिरीहून आलो तेव्हा ते खरं होतं. पुढे मी बदललो, कार्ड बदललं नाही. अर्बाब वर्षातून एकदा सही करतो आणि ठरलेले पैसे घेतो. त्या दिवशी मी आवाज चढवून ते कमी करायला बघतो आणि तो आवाज न चढवता वाढवायला बघतो. मग आम्ही चहा पितो.

त्याच्यावरचा माझा राग मात्र पैशांवरून नाही. तो एका शब्दावरून आहे.

नवा आलो तेव्हा मला अरबी येत नव्हतं. माणसं सारखी ‘हक्क’ म्हणायची. आपल्याकडचा शब्द ऐकून मला बरं वाटलं. खुर्चीवर बसलो तर कुणीतरी म्हणालं, ‘‘हादा हक्क अर्बाब.’’ मला वाटलं, खुर्चीवर अर्बाबचा हक्क आहे. असेल. मग किटलीवर निघाला, पंख्यावर निघाला, संडासातल्या बादलीवरही निघाला. या माणसाला एवढे हक्क दिले कुणी, असं मी खोलीतल्या केरळी सोबत्याला विचारलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, इथे हक्क म्हणजे नुसतं ‘चा, ची, चे’. ‘हक्क मन?’ म्हणजे कुणाचं? आणि ‘हक्की’ म्हणजे माझं.

शब्द कळला त्याच संध्याकाळी अर्बाबकडे पाहुणा आला. माझ्याकडे हनुवटी करून त्याने विचारलं, ‘‘हा हिंदी हक्क मन?’’

अर्बाब खजुराची बी थुंकून म्हणाला, ‘‘हक्की.’’

मी पाना खाली टाकून निघून गेलो. नंतर परत आलो, कारण पासपोर्ट त्याच्याकडे होता. पण तो शब्द मी विसरलो नाही. पुढे दुकान चाललं, मी गाडी घेतली, मुलीला इंग्रजी शाळेत घातलं, तरी विसरलो नाही.

आता अर्बाब म्हातारा झालाय. हात थरथरतो. त्याच्या बायकोचे गुडघे गेलेत. त्यांची मुलगी लग्न होऊन सलालाला आहे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि नात या दोघांनी फक्त फोनवर पाहिली आहे. रोज संध्याकाळी म्हातारी फोन नाकाला लावून बसते. नात हसायला लागली की बॅलन्स संपतो. मग म्हातारी अर्बाबला बोलते, आणि अर्बाब दुकानात येऊन बसतो.

कमी उत्पन्नाच्या घरांना सवलतीत फोन मिळतो, असं त्याला मशिदीत कुणीतरी सांगितलं. तो माझ्याकडे आला.

‘‘उद्या चल माझ्याबरोबर.’’

‘‘मी कशाला?’’

‘‘तुला भाव करता येतो.’’

‘‘सरकारी सवलतीत कसला भाव करायचा?’’

‘‘तू तर दवाखान्यातही करतोस,’’ तो म्हणाला. हे खरं आहे.

मोबाइल कंपनीच्या काउंटरवर एक ओमानी मुलगी होती. अर्बाबला तिने काका म्हणून बसवलं, पाणी दिलं. पगार नाही, पेन्शन थोडी, घरात दोघंच, हे सगळं तिने आपुलकीने ऐकलं. मग कार्ड यंत्रात घातलं आणि तिचा चेहरा बदलला.

‘‘काका, तुमच्या नावावर दुकान आहे.’’

अर्बाबने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

‘‘दुकानाचे मालक असाल तर सवलत बसत नाही,’’ ती म्हणाली. मग आवाज खाली आणून विचारलं, ‘‘काका, दुकान हक्क मन?’’

‘याचं’ एवढंच तो म्हणाला असता तर त्याला फोन मिळाला असता. पण परक्याने दुसऱ्याच्या परवान्यावर धंदा करणं इथे गुन्हा आहे; माझ्या दुकानाचं शटर त्याच आठवड्यात खाली आलं असतं आणि पाठोपाठ मी रत्नागिरीला असतो. आयुष्यात मी भाव करताना कधी गप्प बसलो नव्हतो. तेव्हा बसलो.

अर्बाबने पाण्याचा घोट घेतला, ग्लास नीट खाली ठेवला.

‘‘हक्की,’’ तो म्हणाला.

‘‘मग नाही मिळणार, काका.’’

‘‘खलास,’’ म्हणून तो उठायला लागला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. कुणावर ते मला सांगता येणार नाही. मी काउंटरवर हात आपटला. ‘‘नाही मिळणार म्हणजे काय? म्हाताऱ्या माणसाला हेलपाटा घालायला लावता? तुमच्या साहेबाला बोलवा!’’

तिने शांतपणे माझंच कार्ड मागितलं. यंत्रात घातलं. आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

‘‘तुम्ही कामगार आहात. आमचा कामगारांसाठी स्वस्त प्लॅन आहे. तुम्ही त्यात बसता.’’

‘‘मी कामगार नाही!’’ मी ओरडलो.

‘‘मग कोण आहात?’’

अर्बाब आता छताकडे बघत होता.

‘‘कामगार,’’ मी म्हणालो. ‘‘द्या.’’ मग तिच्याकडून महिन्याचा जादा डेटा काढून घेतला, कारण तसाच उठलो असतो तर मला झोप लागली नसती. सिम कुणाच्या फोनमध्ये चालेल, असं मी आडून विचारलं. ती म्हणाली, ‘‘बिल तुम्ही भरायचं. कुणाच्या फोनमध्ये आहे ते बघायला मी खुर्चीवरून उठत नाही.’’

ते सिम अर्बाबच्या फोनमध्ये आहे. कंपनीचे निरोप येतात, ‘प्रिय कामगार’ अशी सुरुवात असते, आणि ते तो मला मोठ्याने वाचून दाखवतो.

यंदा सहीच्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो आणि फोनचा विषय काढला. एवढं करतो तुझ्यासाठी, थोडं कमी कर. तो म्हणाला, ‘‘त्या मुलीसमोर मी हक्की म्हणालो, ते फुकट होतं का?’’ आणि आकडा वाढवला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सलालाचा फोन आला. त्याचा हात थरथरतो म्हणून फोन मला धरावा लागला. म्हातारी सरकत सरकत जवळ आली. पलीकडे नात आता बोलायला लागली आहे. तिला पडद्याच्या कडेला माझं अर्धं तोंड दिसलं.

‘‘जद्दो, हा कोण? हक्क मन?’’

‘‘हक्की,’’ आजोबा म्हणाले.

मी भांडणार होतो. पण फोन माझ्या हातात होता, नात हसत होती आणि बिल माझ्या नावावर येणार होतं. मी हात स्थिर ठेवला.