खफजीच्या कॅम्पातला शाहीर

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, बातमी सांगितली, आणि कबूल करायला लाज वाटते, पण आधी मला सुटल्यासारखं वाटलं... खफजीच्या कॅम्पात मी त्याच्याशी जे वागलो ते माझ्याखेरीज फक्त त्यालाच ठाऊक होतं. आता दीड महिना झाला. ते सुटणं दोन दिवससुद्धा टिकलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

तेलाच्या भरभराटीचे दिवस होते. सौदीतल्या अल खफजीत समुद्रातल्या विहिरींच्या पाइपलाइनचं काम चाललं होतं. विलास संगमेश्वरकडचा, वेल्डर. मी चिपळूणचा, स्टोअरकीपर. पोर्टाकॅबिनमध्ये आमच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. गावी तो शक्ती-तुऱ्याच्या नाचात तुऱ्याचा शाहीर होता, म्हणजे समोरच्या पार्टीच्या सवालाला उभ्या उभ्या गाणं रचून जबाब देणारा. कॅम्पात सवाल कोणाला करणार? मग एका काळ्या अमेरिकन फोरमनच्या पिकअपमध्ये त्यानं रॅप ऐकलं आणि गडी कामातून गेला. इंग्रजीचा ओ की ठो कळत नव्हता, पण मला बळेच बसवून ऐकवायचा. "ह्यो आपलाच शाहीर हाय रं," म्हणायचा, "समोरच्याची इज्जत काढतोय बघ." पुढं त्या गाण्यांत रॉकवाल्यांची गिटार घुसली, तेव्हा ती गिटार नसून ग्राइंडर आहे, असा निकाल त्यानं देऊन टाकला आणि आणखीच खूश झाला. फोरमनकडून रॅपवर नाचतात त्या ब्रेकडान्सच्या सिनेमाची व्हिडिओ कॅसेटही मिळाली. पकडलं तर इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, जाईल या धास्तीनं पडदे ओढून आम्ही आठ जणांनी तो पाहिला. न्यूयॉर्कची पोरं डोक्यावर गरागरा फिरत होती. विलासनं ते करून पाहिलं आणि आठवडाभर वाकड्या मानेनं वेल्डिंग केलं.

आम्ही तेव्हा पत्रं फारशी लिहीत नसू, बोलत असू. रजेवरून परतणाऱ्याबरोबर घरची माणसं कॅसेट भरून पाठवायची. ऐकून झाली की तिच्यावरच आपलं उत्तर भरायचं आणि पुढच्या जाणाऱ्याच्या हाती द्यायची. एकच कॅसेट वर्षभर येजा करायची. माझी अशीच एक आली. एका बाजूला आई आणि बहीण, दुसऱ्या बाजूला वडील, म्हणजे आमचे दादा. रजेत लग्नावरून त्यांचं-माझं वाजलं होतं, त्यामुळे त्यांची बाजू मी मुद्दाम लावली नाही. पुन्हा तेच ऐकून घ्यायची इच्छा नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी कॅरम खेळत होतो. विलासला गिटारवाली गाणी उतरवून घ्यायची होती आणि कोरी कॅसेट नव्हती. फोरमनची कॅसेट संध्याकाळी परत द्यायची होती. माझी कॅसेट हातात धरून त्यानं विचारलं, "दादांचं ऐकलंस मां?" मी मान वर न करता सांगितलं, "ऐकलं. घे."

नऊ दिवसांनी तार आली. वडील गेले होते... पासपोर्ट कंपनीकडे, देश सोडायच्या कागदावर सही करणारा कफील, म्हणजे आमचा सौदी जामीनदार, रियाधला. अंत्यदर्शन शक्यच नव्हतं. मेसमध्ये सगळे माझ्याभोवती जमले. रायगडचा एक म्हातारा फिटर म्हणाला, निदान त्यांचा आवाज तरी ऐकू. मी कॅसेट आणली. खरं सांगतो, त्या क्षणी मला काही आठवलं नाही. वीस-पंचवीस माणसं डोकी उघडी करून उभी होती. मी बटण दाबलं आणि धाडधाड ढोल सुरू झाला, वर ती गिटार, आणि दोन पोरं तारस्वरात भांडू लागली.

मी विलासच्या कानफटात मारली. माझा बाप पुसलास म्हणून ओरडलो. शिव्या दिल्या, त्या इथं लिहिता येत नाहीत. कॅरम खेळताना मी काय बोललो होतो हे त्याला पक्कं आठवत होतं, आणि त्याला आठवतंय हे मला दिसत होतं. तो इतकंच म्हणाला, "चुकलां माझां."

चार महिने एका खोलीत आम्ही बोललो नाही. बाकीचे त्याच्या ताटाशेजारी बसेनात. एक शब्द बोललो असतो तर ते थांबलं असतं. रोज ठरवायचो, रोज गिळायचो. पुढं आमचं बोलणं सुरू झालं, एकमेकांच्या घरी जाणं-येणं झालं, पण त्या दुपारचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि मीही काढला नाही.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. वहिनींनी कपाट उघडलं. शेदीडशे कॅसेटी, बहुतेक रॅपच्या. प्रत्येकीच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडलेले. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही.

"भरून झाली की लगेच मोडायचे," वहिनी म्हणाल्या. "मुलांना सांगायचे, माझ्या हातून एकदा एकाचा बाप पुसला गेला."

मी त्यांना सगळं सांगितलं. कॅरम, शुक्रवार, मान वर न करता बोललेलं खोटं, सगळं. ऐकून झाल्यावर त्यांनी एक कॅसेट कपाटातून काढून पदरानं पुसली.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "मारलंत चारचौघांत. मग हे माझ्या एकटीला का सांगताय?"