बॅजला काही झालं नाही

"कॅन्सर आहे, पण कातडीचा आहे," औरंगाबादच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही दोन बोटं काढावी लागतील. म्हणजे हात वाचेल."

उजव्या हाताची तर्जनी आणि तिच्या शेजारचं बोट. तर्जनीवरची जखम आठ महिने भरत नव्हती. रिपोर्टवर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असं लिहिलं होतं. कातडीच्या वरच्या थरात होणाऱ्या कॅन्सरला असं म्हणतात. माझी बायको शोभा शेजारी बसून माझा तोच हात धरून होती. तो हात गेला तर घर कसं चालणार, हेच दोघांच्या डोक्यात होतं.

बाईंनी कामधंदा विचारला. मी म्हणालो, एक्सरे काढतो, सतरा वर्षं झाली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

जालना वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी नवीन जालन्यात एका हाडांच्या डॉक्टरांकडे लागलो. अंबडहून रोज एसटीने जायचो. शहागडच्या बाजूला रस्त्यावर ट्रक धडकला की आमच्याकडे मोडलेले हातपाय यायचे. साहेब स्क्रीनिंगवर हाड बसवायचे. स्क्रीनिंग म्हणजे किरण चालू ठेवून आतलं हाड पडद्यावर हलताना पाहायचं. तेवढा वेळ कुणीतरी पाय ओढून धरावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे मी. अंधाऱ्या खोलीत त्या पडद्यावर पेशंटच्या हाडाशेजारी माझ्या बोटांची हाडं दिसायची. मला त्याचं कौतुक वाटायचं, इतका मी शहाणा.

किरण अडवणारा शिशाचा ॲप्रन होता ना. खुंटीवर होता. तो घातला की घामाने अंग भिजायचं, म्हणून राहू द्यायचो. खंडेनवमीला मशीनला हार घालायचो, ॲप्रनला हळदकुंकू लावायचो आणि पेढे वाटायचो. वर्षातून तेवढ्याच दिवशी त्या ॲप्रनला आमचा हात लागायचा.

आणि बॅज. एक्सरेच्या खोलीत काम करणाऱ्याने छातीला लावायची ती छोटी डबी असते. अंगावर किती किरण पडले ते तिच्यात साठतं. दर तीन महिन्यांनी ती तपासायला मुंबईला जाते आणि कागद येतो. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बॅज हरवला तर पत्रव्यवहार करत बसावं लागतं. म्हणून मी तो त्यांच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोच्या खिळ्याला अडकवून ठेवायचो. केबिन आणि एक्सरेची खोली यांच्यामध्ये जाड भिंत. तीन महिन्यांनी खिळ्यावरून काढायचा, पाकिटात घालायचा, नवीन आला की परत खिळ्याला. कागद नेहमी चांगला यायचा, काही नाही म्हणून. मी ते सगळे कागद फाइलला लावून ठेवले होते, पोराच्या मार्कांसारखे शोभाला दाखवायचो.

आधी नखं उभी चिरायला लागली. बोटांवरचे केस गेले, कातडी कोरडी पडून चकाकायला लागली. साहेब म्हणाले, फिल्म धुवायच्या डेव्हलपरच्या पाण्यात हात असतो ना तुझा, खोबरेल लाव. लावलं. मग चामखीळ आली, ती फुटली आणि जखम झाली. तिच्यावर पट्टी बांधून त्याच हाताने मी लोकांचे पाय ओढत राहिलो. हे वाचून तुम्हाला माझी कीव आली तर येऊ द्या. मला अजून रागच येतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच.

औरंगाबादला आधी बायोप्सी झाली, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. त्या रिपोर्टसाठी नऊ दिवस लागले. रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं आणि हाताकडे न पाहता बोलायचं. मग कॅन्सर छातीत पसरला का ते पाहायला माझा एक्सरे काढला. तिथला माणूस मला उभं करून भिंतीमागे गेला. श्वास रोखा म्हणाला. त्याच्या खिशाला बॅज लावलेला होता. मी श्वास रोखून त्या बॅजकडेच पाहत होतो.

छाती साफ होती. बोटं काढली. हात राहिला.

टाके निघाल्यावर डॉक्टरबाईंनी बॅजचे कागद मागवले. मी फाइल घेऊन गेलो. खरं सांगतो, तेव्हाही थोडी ऐट होती, एकही कागद गहाळ नव्हता. बाईंनी एकेक पान उलटलं.

"यात तर तुम्हाला काहीच लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बॅज कुठे लावायचात?"

मी खिळ्याचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. छातीवरच्या बॅजला हाताचं सगळं कळलं नसतं, पण काहीतरी उमटलं असतं, म्हणाल्या. मुंबईहून विचारणा झाली असती, मनगटाचा वेगळा बॅज आला असता. सतरा वर्षांत कुणीतरी विचारलं असतं.

मग भरपाई मागायची म्हणून मी तीच फाइल घेऊन साहेबांकडे गेलो. किरणांच्या खोलीत पेशंट धरायचं काम मी करत होतो, एवढं एका कागदावर लिहून द्या म्हणालो. त्यांनी चहा मागवला, तब्येत विचारली आणि माझीच फाइल माझ्यापुढे सरकवली.

"रिपोर्ट सगळे क्लिअर आहेत," ते म्हणाले. "मी वेगळं काय लिहू?"

चहा तसाच ठेवून मी उठलो. त्या माणसाचा मी पुरता तिरस्कारही करू शकत नाही, कारण बॅज खिळ्याला मीच लटकवत होतो.

आता तुमच्यासाठी. डॉक्टरने एक्सरे सांगितला तर घाबरू नका, काढा. एखाद-दुसऱ्या फोटोने माझ्यासारखं होत नाही, मला रोजच्या रोजने खाल्लं. पण कशासाठी काढायचा ते विचारा. जुने फोटो जपून न्या, म्हणजे तोच फोटो परत काढावा लागणार नाही. पोटात बाळ असेल किंवा शंका असेल तर आधी सांगा, लाजू नका. लेकराला धरायला सांगितलं तर ॲप्रन मागा आणि आपला हात किरणांच्या वाटेत ठेवू नका. मी कित्येक आयांना नुसतं "धरा, काही होत नाही" म्हणालोय. ते शब्द मला रोज आठवतात.

आणि तिथं काम करणाऱ्यांनो, तीनच गोष्टी आहेत. किरणांत थोडाच वेळ राहा. लांब उभे राहा, अंतर दुप्पट केलं की किरणांचा मार पाव होतो. मध्ये शिसं नाहीतर भिंत असू द्या. पेशंट हलतो तर वाळूच्या पिशव्या ठेवा, पट्टा बांधा. आपला हात म्हणजे पट्टा नव्हे.

मागच्या महिन्यात उरलेलं सामान आणायला दवाखान्यात गेलो. माझ्या जागी शबाना नावाची मुलगी लागली आहे, शिकून आलेली, कामाला चोख. साहेब आले नव्हते. केबिनमध्ये त्याच खिळ्याला तिचा बॅज लटकत होता.

"मामा, सायेब म्हन्ले हरवला तर लई लिखापढी करावी लागती," ती म्हणाली. "म्हनून तिथंच ठेवून राह्यले मी. रिपोर्ट तर बराबर येतो."

"बराबरच येतो, पोरी," मी म्हणालो. "माझा बी सतरा वर्षं बराबर आल्ता."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मी खिळ्यावरून बॅज काढला. तिचा पांढरा कोट खुर्चीवर होता, त्याच्या खिशाला लावायला घेतला. क्लिप दाबायला अंगठा आणि तर्जनी लागते. अंगठ्याने आणि उरलेल्या बोटांनी दाबून पाहिली, दोनदा सुटली. शबाना मदतीला पुढे झाली.

"थांब," मी म्हणालो. "बघ नुसतं."

तिसऱ्या वेळेला बसली. मी कोट तिच्या हातात दिला आणि तिने तो माझ्यासमोर अंगात घातला.