गिलक्यांचा भाव

बाळांनो, तुमच्या घरी पाळणा हलणार हे फोनवर कळलं, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते.

आपल्या गल्लीत, शहाद्याला, भाजीची हातगाडी घेऊन एक बाई येते. घासाघीस करणाऱ्याला "फुकट लई जाय", फुकटच घेऊन जा, म्हणून झटकते. गेल्या पावसाळ्यात तिची नात गाडीवर बसलेली दिसू लागली. दोन वर्षांची, हडकुळी, तोंडातून शब्द नाही. आधीच्या हंगामात आईबाप ऊस तोडत असताना ती दिवसभर झोळीत एकटी पडून असे. गल्लीने तिला मुकी ठरवलं.

आजी मात्र दारोदारी तिलाच विचारी, "काय व माय, गिलकास्ना काय भाव लावू?" आणि उत्तरासाठी थांबे.

"तिले काय समजस?" शेजारीण एकदा चिडली.

"दम धर ना बाई. ती इचार करी ऱ्हायनी."

दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक आला, तेव्हा आजीने नातीला सुनेच्या कडेवरून काढून घेतलं. सून रडत गेली. मला ते बघवलं नाही. पण या वयात पोटाला अन्न आणि समोर बोलणारं माणूस नसेल, तर मेंदूची वाढ खुंटते, हे मला ठाऊक होतं. मी रोज पेलाभर दूध देऊ लागले.

होळीच्या सुमारास आजीने माझ्या दारात भाव विचारला आणि थांबली. नातीने माझ्याकडे नीट पाहिलं.

"फुकट," ती म्हणाली.

आता ती दिवसभर बडबडते. आजी अजूनही विचारून थांबते.